खालचा दोरा

ग्रुपचा नियम वरच पिन करून ठेवलाय:
गुड मॉर्निंग नको, देवांचे फोटो नकोत,
धन्यवाद नको, जोडलेले हात तर नकोतच.
कामाचे मेसेज वर सरकून हरवतात, असं ॲडमिन म्हणतात,
आणि ते खरं आहे.

म्हणून इथे लिहिते.

मार्चमधली रात्र. विक्रोळी, कन्नमवार नगर.
पंखा बंद, कारण अस्तर उडतं.
तेहेतीस ब्लाउज, सकाळी नऊला टेम्पो,
आणि भांडुपहून जुनी घेतलेली मशीन
सतराव्या ब्लाउजच्या बाहीवर अडून बसलेली.
वरचा दोरा तटकन तुटतोय,
खालचा पांढरा, जो दिसायचाच नसतो,
टाक्याटाक्याला वर डोकावतोय.
मिस्त्री फोन उचलेना.
उचलला असता तर दीड वाजता यायचे
त्यानं काय मागितले असते, देव जाणे.

ग्रुपवर फोटो टाकला.
हात थरथरत होता, फोटोही तसाच आला.

आधी भिवंडीच्या शबनम मोमीन जाग्या झाल्या,
की झोपल्याच नव्हत्या.
"सुईपाशी उजेड धरा, ताई, आणि परत काढा."
मग वसईचे डाबरे,
शुद्धलेखनाशी ज्यांचं जुनं वैर:
"सूई उलटि बसलि काय बगा."
नव्हती.
मग तो नंबर. नाव नाही, शेवटी एक्केचाळीस,
चेहऱ्याच्या जागी जास्वंदीचं फूल,
तेही एका कडेला कापलं गेलेलं.
बाई की बाप्या, आजवर माहीत नाही.

"वरचं टेन्शन कमी करा.
खालचं आहे तसं राहू द्या."

रडायच्या बेतात होते, आणि हसले.
एवढ्या वर्षांत हे मला कुणी
असं सुटं करून सांगितलंच नव्हतं.

"अर्धाच फेरा. आधी चिंधीवर बघा."
मग दर दोन मिनिटांनी एकच शब्द:
"आता?"
मी चिंधीचा फोटो टाकायचे.
"अजून थोडं. आता?"
तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचं "आता?" आलं
आणि मी फोटो टाकायचं विसरले,
कारण मशीन चालत होती.

नऊला टेम्पो गेला. बाही सरळ, टाका सरळ.
दुपारी जेवताना आठवलं,
त्या "आता?"ला उत्तर द्यायचं राहिलंय.

आभार हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही.
तो माइकवरचा, शाल-नारळाच्या शेजारचा.
आणि शाल पांघरायची तर खांदा कुठे आहे?
एक फूल, दहा आकडे,
भिवंडीतला रात्रीचा जागता दिवा,
डाबऱ्यांची उलटी वेलांटी.

शेवटी उरलेल्या लाल कापडावर
जास्वंद शिवली. पाच पाकळ्या,
एक मुद्दाम कडेला कापलेली.
फोटो टाकला आणि खाली लिहिलं, नियमात बसेल असं:
"टाका बरोबर आहे का?"

शबनमबाई: "एकदम."
डाबरे: "बरोबर हाय. पन फूल कशाला?"
एक्केचाळीस टाइप करत होता, किंवा होती.
थांबलं. परत टाइप. परत थांबलं.
मग आलं:

"बरोबर.
शेवटचा दोरा कापायचा राहिलाय."

ॲडमिननी पाहिलं, दोन निळ्या खुणा दिसल्या.
मेसेज काढला नाही.

दोरा मीही कापला नाही.