चार्जर धरून

"बाराशे ग्रॅम," दुकानातला मुलगा म्हणाला,
दोन बोटांवर तोलून दाखवत.
मी विचारलं, चार्जर धरून?
तो गप्प.

टिळक रोडवरचं हे तिसरं दुकान.
पहिल्यात पन्नास हजारांच्या खाली कोणी बोलेना.
दुसऱ्यात स्वस्त होता, पण उघडताना कुरकुरला,
आणि कुरकुरणारा एक खांदा
माझ्याकडे आधीच आहे.

मला लागतं काय?
पंधरवड्यातून दोन दिवस फलटण,
स्वारगेटहून सकाळची गाडी,
पतसंस्थेच्या किर्दी, थकबाकीचे तक्ते,
रात्री वनिता चिरमुलेंची माडी
जिथे प्लग एकच, तोही पंख्याने अडवलेला.
म्हणून बॅटरी. म्हणून वजन.
पडदा एवढाच हवा
की एकाचा नऊ दिसू नये.

शेवटी वापरलेला एक निघाला, एकवीस हजारांत.
कळा सगळ्या धड,
फक्त खोडायची तेवढी झिजून गुळगुळीत.
फार खोडलंय कोणीतरी ह्यावर.
न बघताच तो माणूस मला बरा वाटला.

येताना मंडईत पाव किलो गवार घेतली
आणि शेडगेबाईंना म्हटलं,
हेही ठेवा जरा काट्यावर.
त्यांनी पदराने पारडं पुसलं,
लॅपटॉप ठेवला, वर वायरीचं वेटोळं,
दुसरीकडे मापं.
काटा हलत राहिला.
मग मापांवर त्यांनी एक बटाटा टाकला.
"दीड किलो," म्हणाल्या,
"आणि हा बटाटा."

दुकानातल्या मुलाने
बटाटा धरलाच नव्हता.