चार मिनिटं अकरा सेकंद

नुगझारच्या निवा गाडीला तीन वर्षं इंजिन नाही,
पण स्पीकर शाबूत आहेत.
म्हणून कुणी घरी काही नवं वाजवलं
की आम्ही चौघं गॅरेजात जाऊन गाडीत बसतो,
दारं ओढून घेतो
आणि कुठंही जात नाही.

आज पाळी माझी.
पांडुरी, तीन तारा, चार मिनिटं अकरा सेकंद,
स्वयंपाकघरात, रात्री एकनंतर,
फोन साखरेच्या डब्याला टेकवून.
शब्द नाहीत. शब्द असते तर
त्यांच्या आडोशाला उभं राहता आलं असतं.

मी स्टिअरिंगमागे. हात कुठं ठेवायचे कळेना
म्हणून चाक घट्ट धरून बसलो,
जणू घाट लागलाय.
आरशात लामाराबाईंचे डोळे.
चाळीस वर्षं कुताइसीतल्या पोरांची बोटं
पियानोवर धाकात ठेवलेले डोळे.
मिटले. उघडले. पुन्हा मिटले.
दुसऱ्या मिनिटाला एक भुवई वर गेली
आणि माझ्या पोटात गोळा आला,
कारण तिथं काय आहे ते मला ठाऊक होतं.

संपलं.
ओतिया झोपला होता. त्याची रात्रपाळी, त्याला माफ.
नुगझार म्हणाला, मधे तू एकच वळण तीनदा घेतोस.
पहिल्यांदा आवडलं म्हणून,
दुसऱ्यांदा आम्हाला आवडावं म्हणून,
तिसऱ्यांदा पुढचा रस्ता सापडत नाही म्हणून.
मी म्हटलं, बरोबर.
एवढं म्हणायला जो वेळ लागला
तो अख्ख्या धुनेहून लांब होता.

लामाराबाई पर्समध्ये गोळी शोधत राहिल्या.
मग म्हणाल्या, तो दुसरा कोण रे?
कोण दुसरा?
खाली एकच सूर धरून बसलाय तो.
पहिल्यापासून. न थकता, न मिरवता.
तू घसरलास तरी तो हलला नाही.

पुन्हा लावलं. कान स्पीकरला चिकटवला.
फ्रिज.
अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे फ्रिज दुरुस्त करतो,
दारातूनच घरघर ऐकून रोग सांगतो,
आणि घरचा ऐकूच आला नाही.
बाई म्हणाल्या, तारा तू त्याच्यावरच लावल्यास,
तुझ्या नकळत.
सगळ्यात नीट वाजवलंय ते त्यानं.
ओतिया नेमका तेव्हा जागा झाला
आणि सगळे हसले म्हणून हसला.

लागलं मला. खोटं कशाला बोलू?
घरी आलो, प्लग उपसला,
जुलैच्या त्या उकाड्यात खिडकीही लावून घेतली
आणि तीच धून परत वाजवली,
तिसरं वळण गाळून.
स्वच्छ आली. घासून पुसून ठेवलेल्या
रिकाम्या बरणीसारखी.
पाच वेळा वाजवली. सहाव्यांदा बसल्या जागी डोळा लागला.

सकाळी त्सियालानं फ्रिज उघडला.
दूध नासलेलं. चीजला घाम फुटलेला.
तिच्या आईनं पाठवलेली आंबट आलुबुखारांची चटणी
फसफसून झाकणाबाहेर, खालच्या कप्प्यात, फरशीवर.
तिला संगीतातलं काही कळत नाही, असं ती म्हणते.
प्लग हातात घेऊन उभी राहिली क्षणभर.
म्हणाली, तरीच.
रात्री झोपेत वाटलं,
घरातून कुणीतरी उठून गेलं.

तिनं प्लग लावला.
फ्रिजनं एकदा अंग झटकलं
आणि खर्ज धरला.
मी गुडघ्यांवर बसून चटणी पुसत होतो.
पुसता पुसता ते वळण आलं,
आलं आणि थांबलं नाही, पलीकडे गेलं.
पांडुरी हाताच्या अंतरावर.
बोटं चिकट.