ओठ न हलवता

नारीनच्या गुरांच्या दवाखान्यामागे एक खोली,
एक सूक्ष्मदर्शक,
आणि दुपार टळल्याशिवाय न तापणारी शेगडी.
जिपार तिथे पोटं मोजते.

म्हणजे पोटातल्या चेतापेशी.
बाप झाकणाची बादली घेऊन येतो, अजून वाफाळणारी.
"हे तीन दिवसांचं. दूध अंगी लागलं नाही.
हे सहा महिन्यांचं.
आणि ही म्हातारी, नऊ वर्षांची, पुढचे दात पडलेली."
नाव सांगत नाही. होतं तिला नाव.

तीन दिवसांच्या कोकराचं पहिलं पोट मुठीत मावतं.
दूध त्याला बगल देऊन थेट चौथ्यात उतरतं,
गवताशी अजून ओळखसुद्धा नाही,
तरी पेशी आधीच येऊन बसल्यात,
बारीक, गच्च,
लग्नघरच्या तंबूत मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांसारख्या.

सहा महिन्यांत त्या मुठीची कणगी होते.
पेशी जवळपास तेवढ्याच.
भिंत ताणत जाते, त्या एकमेकींपासून सरकत जातात,
अंगाने थोराड होतात, लांब हात टाकतात.
उन्हाळी कुरणावर पांगलेले नमद्याचे तंबू असेच:
धूर दिसतो, हाक पोचत नाही,
कुत्रं तेवढं ये-जा करतं.

आणि म्हातारी.
जांभळ्या रंगात जिपार शोधत राहते.
इथे एक.
मग बराच वेळ नुसती भिंत.
मग दोन, पिवळट तपकिरी कणांनी भरलेल्या:
आयुष्यभर पोटात ठेवलं आणि पचलं नाही ते.
एके ठिकाणी फक्त जागा, पेशीच्या मापाची.

आसानकुल दारातच उभा, टोपी हातात.
त्याच्याकडे मेंढ्या मोठ्याने मोजत नाहीत,
मोजलं की कमी होतात म्हणे.
तरी विचारतो, "किती राहिल्यात?"
"पुरेशा."
"असतील. परवापर्यंत रवंथ करत होती.
हळू. मधेच थांबायची,
तोंडातला घास तोंडात,
कशासाठी आणला तेच विसरल्यासारखी.
मग..."

तो शब्द शोधतो.
हल्ली शोधतो. चुलत्याचं नाव, कुलपाचा आकडा,
आईला पुरलं ती टेकडी कुठल्या वळणावर.
जिपार काच पुसत राहते. शब्द पुरवत नाही.
शेगडी कुठेतरी आत तडकते.

"मग आठवायचं तिला," तो म्हणतो,
आणि रिकामी बादली उचलतो.

वहीत ती आकडा लिहिते.
खोडते.
पुन्हा मोजायला बसते,
ओठ न हलवता.