हजेरी

डिसेंबरात ग्रिम्सबीला चारलाच अंधारतं.
फाटकाचं एक दार लावतो, दुसरं ठेवतो अर्धवट,
आणि खिशातून वही काढतो.
मिरजेत बोर्डिंगचा रेक्टर होतो मी. सवय हाडात असते,
आणि हाडांचं इथे कुणाला वावडं नाही.

वॉल्टर सोअर्बी. ट्रॉलरवरचा आचारी.
अंगाला अजून कॉडचा वास;
तो म्हणतो, वास माझ्या डब्याला येतो.
इडिथ ब्लँचर्ड. आज रुसलेली.
नातवाने प्लॅस्टिकची फुलं ठेवली:
"मेले म्हणून काय झालं, डोळे आहेत आम्हाला."
(नाहीत. मी बोललो नाही.)
हेटी. वय सात. समोरचा दात पडलाय,
सव्वाशे वर्षं नव्याची वाट बघतेय.

"हजर" म्हणायला मीच शिकवलं.
पण इकडची माणसं ह गिळतात,
जिवंतपणीही गिळायची.
ओळीने उत्तर येतं: अजर. अजर. अजर.
पहिला आठवडा सुधारत राहिलो.
मग अर्थ लक्षात आला, आणि वही मिटून
जरा वेळ बाकावर बसलो.

शेवटी कोपऱ्यातला दगड. त्यावर फक्त 'खलाशी'.
समुद्राने परत दिला तेव्हा नाव दिलं नाही.
मी म्हणतो, "आणि तू."
खडी किंचित सरकते. बरोबरची खूण करतो.

आमच्याकडे भुतांची पावलं उलटी असतात, सांगितलं एकदा,
तर वॉल्टर बूट काढून बघत बसला.
आत पाय होते की नव्हते कोण जाणे,
दिशा मात्र बरोबर होती.
अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या, म्हणालो,
तर गोवरी म्हणजे काय, इथून सुरुवात.
शेण आलं, मग सरण आलं,
मग सगळे गप्प.
"तुला जाळणार?" हेटी.
"नाही गं. आम्ही शेलार, मिशनचे, आम्ही पुरतो.
म्हण तेवढी वापरतो,
शेजारून आणलेल्या पातेल्यासारखी."

कौन्सिलचं पत्र आलं मार्चात.
फाटकाला टायमर बसणार. रखवालदाराची जागा रद्द.
आभार दोनदा मानले होते,
एकदा चुकीच्या नावाने.
मोठ्याने वाचून दाखवलं.
"टायमर काय करतो?"
"वेळ झाली की बंद करतो."
"ते आमचं झालंय करून," वॉल्टर म्हणाला,
आणि हसला एकटाच.
इडिथने विचारलं, ते यंत्र नावं घेईल का.

वही मी खलाशाच्या दगडामागे ठेवली,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून, ओल लागू नये म्हणून.
पेन्सिल राहिली माझ्याच खिशात.

काल मंगळवार. नऊ नंबरच्या बसने गेलो,
पाहुण्यासारखा, हातात काहीतरी असावं म्हणून डॅफोडिल,
खरे.
बस उशिरा. फाटक बंद. वर लाल दिवा,
डासाएवढा.
गज गार होते. वाटलं, परत फिरावं.
आतून पानं उलटल्याचा आवाज,
मग बारीक, दात पडलेला, अडखळत:
"अनुग्रह शेलर."

साठ वर्षांत कुणी माझी हजेरी घेतली नव्हती.
सरळ उभा राहिलो. टोपी काढली.
ह नीट उच्चारला, छातीतून,
अजून आहे तोवर:
हजर.

फुलं गजांतून आत टाकली.
मागून नऊ नंबर निघून गेली होती.
पुढची वीस मिनिटांनी.