पेचकस

औशात सगळे विचारतात, समुद्र कसा असतो.
सांगतो, नीट पाहिला नाही.
हसतात. बारा वर्षं जहाजावर, अन् समुद्र पाहिला नाही म्हणं!

खरंच सांगतो.
माझी जागा पाण्याच्या पातळीखाली,
चव्वेचाळीस अंश, हातात चिंध्या,
समोर तीन मजली इंजिन,
त्याची धडधड झोपेतही पायांत असते.
तारे, नकाशे, बंदरं वरच्या लोकांकडं.
आमच्याकडं दाब, तापमान, तेलाचा वास.
अटलांटिक मला ओळखीचा आहे
तो कपातल्या चहाच्या कलण्यावरून.

मुलाखतीत साहेबानं विचारलं होतं,
"लातूर? तिकडं तर प्यायला नसतं. हे कुठं शिकलास?"
मी कॉलेजचं नाव सांगितलं.
खोटं नव्हतं.
खरंही नव्हतं.

बस स्टँडमागं, पत्र्याच्या शेडात
मन्मथअप्पा, माझे वडील, जळालेल्या मोटारी भरायचे.
तांब्याची तार, वार्निशचा उग्र वास,
लाकडी फर्म्यावर मोजून वेढे,
बावन्न म्हणजे बावन्न.
भरून झाली की मोटार चालू करून
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटून उभे.
शेजारचा पंक्चरवाला गफूर तेवढ्यापुरता टेप बंद करायचा.
"ऐक," मला म्हणायचे, "काय म्हणायलीय?"
मला काहीच ऐकू यायचं नाही.
मग एका उन्हाळ्यात ऐकू आलं:
आत कुणीतरी जोंधळे चावतंय, कच्चे, एकेक.
"गोळी फुटलीय," मी म्हणालो.
ते काही बोलले नाहीत.
पेचकस माझ्या हातात ठेवून
चहा सांगायला गेले.

गेल्या मार्चात, रात्री तीन वाजता,
पॅनेलवरचे सगळे दिवे हिरवे,
चौथा इंजिनिअर, फिलिपिन्सचा पोरगा, जांभया देत,
आणि मला समुद्री पाण्याच्या पंपात जोंधळे ऐकू आले.
"सर, सगळं नॉर्मल आहे."
मी खिशातून पेचकस काढला.
मूठ लाकडी, अप्पांचीच.
पंप उघडला तेव्हा पिंजरा तुटलेला, गोळ्या निळ्या पडलेल्या.
पोरगा माझ्याकडं बघत राहिला.
लॉगबुकात लिहिलं: बेअरिंग बदललं, तीन चाळीस.
पेचकसासाठी तिथं रकाना नाही.

त्याच इंजिनरूममध्ये कोपऱ्यात एक यंत्र आहे.
इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्र उकळतं,
दिवसाला वीस टन गोडं पाणी काढतं.
अप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा
बराच वेळ नुसती खरखर.
"वीस टन म्हणजे टँकर किती?"
"दोन."
"अन् माणसं?"
"बावीस."
पुन्हा खरखर.
"चव कशी असती त्याला?"
"नसते."
"हां," म्हणाले,
जणू एवढ्यावर हिशेब जुळला.

आता अप्पांचा उजवा कान गेलाय, डावा अर्धा.
दुकान उघडतात तरी.
काल बेलकुंडहून एक मोटार आली.
मी कान लावला. बराच वेळ लावला.
"ठीक आहे," मी ओरडून सांगितलं.
अप्पा उठले. माझ्या हातातून पेचकस घेतला.
टोक बेअरिंगवर टेकवलं
आणि मूठ कानाला नाही, दातांत धरली.
डोळे मिटले.
गफूरच्या पोरानं मोबाईल बंद केला.

"आठ दिवस काढंल," म्हणाले.

मोटारीबद्दलच म्हणाले असावेत.
भिंतीवर कॅलेंडर, आज बारा.
माझं जहाज वीसला कोचीला लागतंय.

मी पान्हा घेतला
आणि नट सैल करायला बसलो.