पडीचा आंबा

दर सोमवारी मी वहीत माश्या मांडते.
सापळा एक, विहिरीजवळचा : एकोणीस.
दोन, रायवळाखालचा : तेवीस.
तीन, कुंपणाला लागून : एकशे चाळीस,
पुढे मोजायचं सोडलं,
चहा उतू गेला होता.

सगळे नर.
डब्यातल्या ठोकळ्याच्या वासावर येतात
आणि परतीची वाट विसरतात.
माद्या येत नाहीत. माद्यांना काम असतं.
सालीला सुईएवढं भोक पाडून
अंडी ठेवतात, निघून जातात.
आंबा वरून तसाच, पिवळा, देखणा,
ठाण्यात कुणी सुरी लावेपर्यंत.

चांगो हिलम खोडाला कान लावतो.
"हाय आत," म्हणतो, "खातोय."
मला माझंच रक्त ऐकू येतं, बाकी काही नाही.
सायकलच्या ब्रेकची तार तो भोकात सारतो,
फिरवतो, थांबतो, दाढ काढणाऱ्यासारखा
तोंडाने बारीक आवाज करतो,
आणि तारेच्या टोकाला भिरुड येतो,
बोटाएवढा, पांढरा, उजेडाला वैतागलेला.
तो कोंबडीला. भोकात पेट्रोलचा बोळा,
वर चिखलाचा लिंपा, त्यावर अंगठ्याचा ठसा.
"ह्याचं बरं असतंय वयनी, एका झाडात ऱ्हातो.
माशी शेजारून येते."

शेजारी टिपणीस साहेबांचं फार्महाऊस.
चाळीस कलमं, कोरडा निळा पोहण्याचा तलाव,
गेटवर सिमेंटचे दोन सिंह.
साहेब ऐरोलीत असतात.
मे महिन्यात एकदा सरळगावहून वळतात,
नातवंडांना झाडावरचा आंबा दाखवतात.
खालचा कुणी बघत नाही.
खालचा फुटतो, सडतो,
त्यातली अळी मातीत शिरते
आणि दहाएक दिवसांनी पंख घेऊन माझ्याकडे येते.
सातबारा वेगळा आहे
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

दोनदा फोन केला. "बघतो" म्हणाले.
तिसऱ्यांदा लागला नाही.

तेव्हा गुरुवारी उजाडताना
चांगोने तार उचलून धरली, मी खालून गेले,
पदर अडकला, फाटला, जाऊ दे.
बादल्या भरत होतो. सातवी अर्धी झाली
आणि खांब बोलला :
"कोण आहे तिथं? आंबे चोरता?"
चांगोने दोन्ही हात वर केले.
एका हातातून रस कोपरापर्यंत गळत होता.

काय बोलायचं ते मी रात्रीच जुळवलं होतं,
सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी, असं काहीतरी.
एक शब्द आठवेना.
एक आंबा घेतला, अंगठ्यांनी उकलला,
कॅमेऱ्यापुढे उंच धरला.
आत भात रटरटत असावा तसं हलत होतं.
एक अळी मनगटावर पडली,
वाकून धनुष्य झाली, सुटली,
गवतात गेली.

खांब गप्प.
मग त्यातून ऐरोलीतली कुकरची शिट्टी आली,
आणि लांबून एका बाईचा आवाज :
"अहो, हे आपल्याच आंब्यात?"
मग खरखर. मग तीही नाही.

खड्डा कमरेएवढा घेतला.
माती लोटून चांगो त्यावर बराच वेळ नाचला,
लग्नात नाचतो तसा, फक्त गंभीर तोंडाने.

सोमवारी सापळा तीन : एकशे बारा.
कृषी सहायक वहीवर वाकून म्हणाला,
दोन पिढ्या जाव्या लागतील.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
माशीच्या.

रात्री फोन वाजला, ऐरोलीचा.
चोरीबद्दल अवाक्षर नाही, गड्याबद्दल नाही, किल्लीबद्दल नाही.
"एक विचारायचं होतं," टिपणीस म्हणाले,
आवाज लहान मुलासारखा,
"गेल्या रविवारी आणलेले फ्रीजमध्ये आहेत,
खाल्ले तर चालतील?"

कापून बघा, म्हटलं.
पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला,
चमचे खळखळले.
मी कानाला फोन लावून थांबले,
चांगो खोडापाशी थांबतो तशी.