पांढरी पाच

टॅबलेट जोमोनकडून घेतला, अठरा रियालला.
कोपऱ्यात तडा, जागा जेमतेम तीन जीबी,
म्हणून एक अ‍ॅप काढायचं, मग दुसरं घालायचं.

पहिलं फुकट. पण चार ट्रॅक झाले
की टोलनाक्यासारखा दांडा आडवा.
दुसऱ्यात देशोदेशीचे ढोल,
मृदंग सापडला ‘इतर’मध्ये,
आणि बोट मारलं की आवाज येतो
जरा विचार करून.
आमच्या नमनात असा वाजवला असता
तर गणपती नाचायला येऊन परत गेला असता.

तिसरं दिसायला सरकारी. राखाडी.
माइक उघडला, पण सोहारच्या या खोलीत
रात्री गाणार कोण?
सहा बंक, पाच घोरणारे,
खिडकीत एसी.
त्याचीच घरघर घेतली.

पांढरी पाच. किंचित चढी.
दुसऱ्यानं ती ओढून सरळ केली असती, न विचारता.
यानं होती तशी ठेवली.

जुबैलला नऊ वर्षं एसी घुमायचा
काळी पाच आणि पांढरी सात यांच्या फटीत.
तिथली वीज साठची.
इथली पन्नासची,
आणि गुहागरकडच्या आमच्या वाडीतल्या
डीपीचीही.

त्या डीपीखालीच तालीम व्हायची.
तो सूर धरून उभा असायचा,
आम्ही पेटीवाल्याला शिव्या द्यायचो.

बंकच्या लोखंडावर बोटं हळू,
वरचा उठणार नाही इतकी.
साडेचारला गाडी येईल.

फाइलला नाव द्या, अ‍ॅप म्हणतं.
डीपी, मी लिहितो.